प्रकरण ७ : सुईवर राहिलेला मफलर

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माझ्या विणकामाच्या वर्गात पिशव्या यायला लागतात. माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेल्या, कपाटात साड्यांच्या मागे सापडलेल्या. कापडाच्या दुकानाची जुनी प्लास्टिकची पिशवी, तिला भोक पाडून बाहेर आलेलं सुईचं टोक, आणि आत हातभर विणून थांबलेला मफलर. पिशवी टेबलावर ठेवून विचारतात, "ताई, याचं आता काही होईल का? की उसवूनच टाकू?"

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. २०१३च्या हिवाळ्यात मी माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, करड्या लोकरीचा मफलर विणायला घेतला. आम्ही नाशिकचे. शेजारच्या निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा आमच्याकडेही पहाट बोचरी असते, आणि अण्णा साडेपाचला दूध आणायला बाहेर पडतात. मफलर ८० सेंटीमीटर झाला आणि थांबला. तो पुढे विणायला मी हातात घेतला २०२४च्या दिवाळीनंतर, म्हणजे अकरा वर्षांनी.

तर प्रश्नाचं उत्तर आधीच देते. होतं. भिजवलेली कणीक ठेवून दिली तर आंबते, विणकाम आंबत नाही. इतकंच नाही, आपण कुठे होतो, पुढे काय करायचं होतं, चूक कुठे झाली, हे सगळं त्या विणलेल्या तुकड्यात जसंच्या तसं नोंदलेलं असतं. ते वाचता आलं पाहिजे. वाचायचं कसं, ते या प्रकरणात पाहू.

१. एकाच धाग्याचं कापड

मराठीत 'विणणे' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरतो. येवल्याची पैठणी विणतात आणि स्वेटरही विणतात. पैठणी मागावर होते. तिथे उभ्या धाग्यांचा ताणा असतो आणि त्यातून खालीवर जाणारा आडवा बाणा असतो. दोन्ही धागे जवळजवळ सरळच राहतात, म्हणून साडी ओढली तरी फारशी ताणली जात नाही.

सुयांवरच्या विणकामात ताणा नाही आणि बाणाही नाही. एकच धागा असतो. त्याचा एक फास सुईवर असतो. त्या फासातून धागा ओढून दुसरा फास काढायचा, आणि पहिला सोडून द्यायचा. दुसऱ्याने पहिल्याला धरलेलं असतं. मग तिसरा दुसऱ्याला धरतो. अशा फासांच्या उभ्या रांगा शेजारीशेजारी उभ्या राहिल्या की कापड तयार होतं. फास म्हणजे वाकलेला धागा, आणि वाकलेल्या धाग्याला सरळ व्हायला जागा असते, म्हणून हे कापड ताणलं जातं आणि सोडलं की परत येतं. तुमचा बनियन, टी-शर्ट, मोजे ही सगळी याच जातीची कापडं आहेत, फक्त यंत्रावर विणलेली. असं यंत्र पहिल्यांदा बनवलं इंग्लंडच्या विल्यम ली याने, १५८९मध्ये, मोजे विणण्यासाठी.

फास फासाला कसा धरतो हे पाहायचं असेल तर तांदळाच्या पोत्याचं शिवलेलं तोंड आठवा. त्या साखळीटाक्याचं एक टोक कितीही ओढा, काही होत नाही, उलट आवळतं. दुसऱ्या टोकाचा योग्य धागा सापडला की सर्रकन अख्खं तोंड उघडतं. मफलरचंही असंच आहे. ज्या टोकाला आपण टाके घातले, म्हणजे सुरुवात केली, तिकडून तो सहजासहजी उसवत नाही. उसवतो तो शेवटच्या, सुईवरच्या टोकाकडून.

यातून एक मोठा दिलासा मिळतो. माझ्या मफलरमध्ये ३२० ओळी झाल्या होत्या. खालच्या ३१९ ओळींमधला प्रत्येक टाका त्याच्या वरच्या टाक्याने धरून ठेवलेला होता. कोणीच धरलेले नव्हते ते फक्त सुईवरचे ४४ टाके. पिशवीत कितीही वर्षं गेली तरी सुई निसटली नाही तोवर कापडाला उसवण्याची भीती नसते. आणि निसटली तरी खुल्या टाक्यांच्या त्या एका ओळीपासूनच काय ते उसवायला लागतं.

२. सुलट आणि उलट म्हणजे एकच टाका

नवीन शिकणाऱ्यांना वाटतं की विणकामात शेकडो टाके असतात. मुळात एकच टाका आहे. फास मागून पुढे ओढला की सुलट, पुढून मागे ओढला की उलट. सुलट टाका समोरून पाहिला तर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसतो. तोच टाका मागच्या बाजूने पाहिला तर आडव्या गाठीसारखा दिसतो, आणि तो असतो उलट टाका. तुम्ही सुलट विणता तेव्हा पलीकडे बसलेल्या माणसाला उलट दिसतं.

हे एवढं सोपं वाटतं, पण लक्षात यायला माणसांना बराच काळ लागला असावा. विणलेल्या वस्तूंचे सगळ्यात जुने नमुने इजिप्तमधले आहेत, मध्ययुगातले सुती मोजे, आणि ते गोल विणलेले असल्यामुळे त्यात सुलट टाक्यांवरच भागायचं. उलट टाका मुद्दाम वापरल्याचा सर्वांत जुना पुरावा म्हणून ज्या मोज्यांकडे बोट दाखवतात ते फ्लॉरेन्सच्या एलेओनोरा दी तोलेदो हिचे. १५६२मध्ये ती वारली आणि त्या मोज्यांसह पुरली गेली.

मफलरसाठी यातलं कामाचं काय? दोन गोष्टी.

जाताना सुलट आणि येतानाही सुलट विणलं तर कापडाच्या दोन्ही बाजूंना आडवे उंचवटे येतात, शेतातल्या सरी-वरंब्यासारखे. एक वरंबा म्हणजे दोन ओळी. त्यामुळे ओळी मोजायला कागदावरच्या खुणा शोधत बसावं लागत नाही. वरंबे मोजा आणि दुप्पट करा. माझ्या मफलरवर १६० वरंबे होते.

जाताना सुलट आणि येताना उलट विणलं तर समोर सगळे 'व्ही', गुळगुळीत, आणि मागे सगळ्या गाठी. हे दिसायला छान, पण त्याची सुरळी होते. अर्ध्यावर सोडलेले निम्मे मफलर मी पाहते ते याच कारणाने सोडलेले असतात. विणणारीला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. काहीही चुकलेलं नसतं. उन्हात घातलेला पापड एका बाजूने लवकर वाळतो आणि वळतो, कारण त्याच्या दोन बाजू सारख्या राहिलेल्या नसतात. इथेही तसंच. समोरच्या बाजूला धाग्याचे पाय उभे असतात, मागच्या बाजूला कमानी आडव्या असतात, आणि वाकवलेला धागा सरळ व्हायला धडपडत असतो. म्हणून उभ्या कडा मागे वळतात, आणि खालची व वरची कड पुढे. दोन सुलट दोन उलट असं विणलं तर एका पट्टीचं वळण शेजारच्या पट्टीने मोडतं आणि कापड सपाट राहतं.

सुरळी झालेला मफलर उसवू नका. मी सांगते तो उपाय असा : लांबीच्या दोन्ही कडा एकमेकींना शिवून घ्या. पोकळ नळीसारखा दुहेरी मफलर होतो, गाठींची बाजू आत जाते, आणि ऊब दुप्पट होते. त्यासाठी तो थोडा रुंद मात्र हवा.

३. कुठे थांबलो होतो?

पिशवी उघडल्यावर लगेच सुया हातात घेऊ नका. आधी मफलर खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरा. लोकर खरी असेल तर कसर लागलेली असू शकते. हा एका बारीक पतंगाच्या अळीचा उद्योग. लोकर, केस, पिसं यांत केराटिन नावाचं प्रथिन असतं आणि ही अळी ते पचवू शकते. घामाचे किंवा खाण्याचे डाग असलेली जागा तिला जास्त आवडते. बारीक भोकं, जाळी, वाळूसारखे कण दिसले तर मफलर हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, मगच पुढचं काम. लोकर अॅक्रिलिकची असेल तर ही काळजी नाही. तिच्यात केराटिन नसतं.

मग टाके मोजा. इथे बहुतेकींना पहिला धक्का बसतो. सुरुवातीला घातले होते ४४ आणि आता सुईवर आहेत ४७. हे वाढलेले टाके येतात कुठून? ओळ संपली, काम फिरवलं, आणि धागा चुकून सुईवरून मागे ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. नवखा हात दोन्ही विणतो. प्रत्येक वेळी एक टाका वाढतो आणि मफलर हळूहळू झाडूसारखा पसरत जातो. कड नीट पाहिली की रुंदी कुठून वाढायला लागली ते दिसतं. तिथपर्यंत उसवायचं. नाहीतर पुढच्या काही ओळींत कडेचे दोन टाके एकत्र विणून संख्या मूळपदावर आणायची.

ओळीच्या मधेच काम सोडलेलं असेल, दोन्ही सुयांवर टाके असतील, तर कोणत्या दिशेने जायचं हे कळत नाही आणि तिथे बऱ्याच जणी उलट्या दिशेने विणून मफलरच्या मध्यात एक खाच पाडतात. खूण अगदी साधी आहे. गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघतो, ती सुई उजव्या हातात. तो टाका आपण शेवटचा विणलेला असतो.

सुई निसटली असेल तर उघडे टाके एकेक करून परत सुईवर घ्या, ओढाताण न करता. लोकर इतकी वर्षं त्याच आकारात राहिलेली असते की टाके लगेच पळत नाहीत. घेताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे आणि डावा मागे राहील असं पाहा. उलटं झालं तर त्या टाक्याला पीळ पडतो आणि ओळीत तो वेगळा दिसतो.

शेवटची ओळ मात्र मी नेहमी उसवून पुन्हा विणते. वर्षानुवर्षं सुईवर ताणून राहिलेले टाके सैल झालेले असतात. ती एक ओळ ठेवली तर धुतल्यानंतरही मफलरवर आडवी रेघ राहू शकते.

४. अकरा वर्षांत हात बदलतो

माणसाचं अक्षर वयानुसार बदलतं, तसा विणण्याचा हातही बदलतो. कोणी धागा आवळून धरते, कोणी सैल. त्याच लोकरीवर आणि त्याच सुयांवर दोघींचा मफलर वेगळ्या रुंदीचा होतो. आणि अकरा वर्षांपूर्वीची मी आणि आजची मी या तशा दोघीच.

म्हणून पुढे विणण्याआधी वेगळा छोटा तुकडा विणून पाहायचा आणि दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. माझ्या जुन्या मफलरमध्ये दहा सेंटीमीटरमध्ये २२ टाके होते, म्हणजे ४४ टाक्यांची रुंदी २० सेंटीमीटर. नव्या तुकड्यात मोजले तर २४. हात आवळला होता. आता ४४ ला २४ ने भागलं आणि दहाने गुणलं, तर रुंदी येते १८.३ सेंटीमीटर. तशीच विणत गेले असते तर अर्ध्या मफलरला पावणेदोन सेंटीमीटरची कंबर पडली असती. हात बदलणं अवघड, सुई बदलणं सोपं. मी एका मापाने जाड सुई घेतली आणि तुकडा पुन्हा विणला. २२ टाके आले.

जाड सुई म्हणजे कोणता नंबर, यात एक मोठा घोळ आहे. आपल्याकडे सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, सात नंबर ४.५ मिलिमीटर, दहा नंबर ३.२५. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिथली आठ नंबरची सुई असते ५ मिलिमीटरची. माझ्या वर्गातल्या एका काकूंच्या आठ नंबरच्या सुया हरवल्या. सुनेने न्यू जर्सीहून प्रेमाने आठ नंबरच्याच सुया पाठवल्या. काकूंनी एक हातभर विणलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मफलरचा खालचा भाग पुठ्ठ्यासारखा घट्ट आणि वरचा जाळीदार झाला आहे. दोघींचीही चूक नव्हती. सुई मागवताना नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा.

५. लोकर पुरेल का? रंग जुळेल का?

माझा मफलर का थांबला होता ते आता सांगते. लोकर संपत आली म्हणून मी दुकानात जाऊन त्याच करड्या रंगाचा ५० ग्रॅमचा आणखी एक गुंडा आणला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो अगदी सारखा दिसला. घरी दिवसाच्या उजेडात जुन्याशेजारी धरला तर किंचित निळसर. माझा विरस झाला. दोन्ही पिशवीत घातलं आणि पिशवी कपाटात गेली.

असं का होतं हे चकल्या तळणाऱ्या कोणालाही कळेल. पीठ एकच, तेल एकच, पण पहिल्या घाण्याचा रंग आणि चौथ्या घाण्याचा रंग सारखा नसतो. लोकरही अशीच घाण्याघाण्याने रंगवतात. प्रत्येक घाण्याला वेगळा लॉट नंबर असतो आणि तो गुंड्यावरच्या कागदावर रंगाच्या नंबराशेजारी छापलेला असतो. रंगाचा नंबर सारखा पण लॉट वेगळा, तर फरक पडण्याची शक्यता असते. म्हणून मोठं काम काढताना एकाच लॉटची पुरेशी लोकर एकदम घ्यावी आणि तो कागद फेकू नये. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तेव्हा पाहिलं नाही.

पण वेगळ्या लॉटवर उपाय आहे. दोन रंग जिथे एकदम भेटतात तिथे डोळ्याला रेघ दिसते. ते हळूहळू मिसळले तर दिसत नाही. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नव्या लोकरीच्या, असं आळीपाळीने विणत गेलं की सीमा पुसट होते. न वापरलेला धागा तोडायचा नाही, कडेने वर घेत जायचा. त्यासाठी जुनी लोकर थोडी हाताशी हवी, आणि ती मिळवायची तर थोडं उसवावं लागतं.

किती? इथे स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा कामाला येतो. टाके दुसऱ्या दोऱ्यावर घेऊन सुई बाजूला काढली आणि मफलर काट्यावर ठेवला. ८० सेंटीमीटरचं वजन ७२ ग्रॅम. म्हणजे एका सेंटीमीटरला ०.९ ग्रॅम लोकर लागते. हा एक आकडा हातात आला की बाकी सगळं तोंडी हिशोबाचं काम.

गुंड्यात शिल्लक जुनी लोकर ९ ग्रॅम होती. मी १० सेंटीमीटर उसवले, त्यातून आणखी ९ ग्रॅम मिळाली. आता जुनी १८ ग्रॅम. तिच्यासोबत नवी १८ ग्रॅम आळीपाळीने विणायची, म्हणजे ३६ ग्रॅम, म्हणजे ४० सेंटीमीटर. नव्या गुंड्यात मग ३२ ग्रॅम उरतात, त्यात सुमारे ३५ सेंटीमीटर होतात. ७० अधिक ४० अधिक ३५, एकूण १४५ सेंटीमीटर. मला १५० हवे होते. पाच सेंटीमीटर कमी, चालेल. शेवटी टाके बंद करायला रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो, इथे साठ सेंटीमीटर. त्याचं वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, पण तेवढा धागा आधीच बाजूला ठेवायचा. शेवटच्या दहा टाक्यांना धागा कमी पडण्याइतकं वाईट काही नाही.

जुना लॉटच काय, तो रंगही बाजारात मिळत नसेल तर? मग माझं ठाम मत असं की 'जवळपास तसाच' रंग घेऊ नका. सरळ वेगळा रंग घ्या. करड्याला मरून, निळ्याला पिवळा. जवळपासचा रंग चुकल्यासारखा दिसतो, वेगळा रंग ठरवून घेतल्यासारखा दिसतो.

६. सुटलेला टाका आणि चुकलेला टाका

टाका सुईवरून गळला की त्याच्या खालचा मोकळा होतो, मग त्याच्या खालचा. तो सरळ रेषेत खाली जातो, शेजारच्या रांगांना धक्का लावत नाही, आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी सोडत जातो. प्रत्येक पायरी म्हणजे त्या टाक्याच्या वाटणीचा एका ओळीचा धागा. म्हणजे काहीच हरवलेलं नसतं. क्रोशाची सुई खालच्या फासात घाला, वरची पायरी त्यातून ओढून घ्या, मग पुढची. समोर 'व्ही' येत असेल तिथे समोरून ओढायचं. वरंब्याच्या विणीत एक पायरी समोरून, पुढची मागून. वीस ओळी खाली गेलेला टाका पाच मिनिटांत वर येतो. पाहणाऱ्याला ही जादू वाटते, आणि वर्गात पहिल्यांदा ज्यांना ती जमते त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

चुकलेला टाका हे वेगळं प्रकरण. सुलटच्या जागी उलट विणला गेला आणि तो आता तीस ओळी खाली आहे. तो सुधारावा का? तेवढीच एक रांग मुद्दाम सोडून, क्रोशाने परत चढवता येते. पण मी वर्गात सांगते की मफलर हाताभरावर धरा. तिथून चूक दिसत असेल तर सुधारा, शोधावी लागत असेल तर राहू द्या. टाक्यांची संख्या बदललेली चूक मात्र कधीच तशी ठेवू नका, ती पुढे वाढतच जाते.

७. मनात का खुपत राहतं, आणि किती वेळ लागेल?

कपाट उघडलं की ती पिशवी दिसायची आणि मन खट्टू व्हायचं. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या दोन विद्यार्थिनींनी शंभर वर्षांपूर्वी या अनुभवाचा अभ्यास केला. ब्लूमा झायगार्निक हिने १९२७मध्ये मांडलं की मधेच तोडलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढे इतरांनी हे प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा स्मरणाबद्दलचा हा निष्कर्ष दर वेळी तसाच निघाला नाही. पण तिची सहकारी मारिया ओव्हसियान्किना हिचं १९२८मधलं निरीक्षण जास्त टिकलं. मधे थांबवलेल्या माणसांना मोकळं सोडलं, तर कोणी न सांगता, काही बक्षीस नसताना ती आपणहून त्या कामाकडे परत जातात. म्हणजे परत जायची ओढ आपल्यात असतेच. माझ्या अनुभवात तिला अडवतो तो एक नेमका अडथळा : संपलेली लोकर, हरवलेली सुई, न समजलेली ओळ. तो एवढा दूर केला की हात आपोआप चालू लागतो.

दुसरा अडथळा म्हणजे 'केवढं राहिलंय' ही धास्ती. ती हिशोबाने जाते. ७० पासून १४५ पर्यंत ७५ सेंटीमीटर. सेंटीमीटरला चार ओळी, म्हणजे ३०० ओळी. ओळीत ४४ टाके, एकूण १३,२०० टाके. आकडा मोठा वाटतो. पण मी मिनिटाला २० टाके विणते, म्हणजे ६६० मिनिटं, म्हणजे अकरा तास. अकरा वर्षं थांबलेलं काम अकरा तासांचं होतं. रोज आठ ओळी, म्हणजे अठरा मिनिटं, असं धरलं तर ३८ दिवस. तुमचा वेग घड्याळ लावून एकदा मोजा आणि तुमचा हिशोब मांडा.

आणि काम ठेवताना ओळ पूर्ण करूनच ठेवा. पिशवीत एक चिठ्ठी घाला : सुईचं माप मिलिमीटरमध्ये, टाके किती, वीण कोणती, लॉट नंबर. उद्या परत घेणार असलात तरी घाला.

८. शेवटच्या ओळीनंतर

टाके बंद करताना हात सैल ठेवा. आवळून बंद केले तर ते टोक चुण्या पडल्यासारखं आखडतं. त्यासाठी शेवटच्या ओळीपुरती एका मापाने जाड सुई घेतली तरी चालते. धाग्यांची टोकं गाठ मारून कापू नका, गाठ सुटते किंवा मानेला टोचते. बोथट सुईत धागा ओवून तो कापडातूनच एका दिशेने पाच-सहा सेंटीमीटर न्या, मग थोडा उलट फिरवा.

यानंतर मफलर धुवायचाच. बऱ्याच जणी ही पायरी गाळतात आणि मग म्हणतात, घरचं विणलेलं घरचंच दिसतं. ओले केस विंचरून तसेच वाळू दिले की त्यांना वळण बसतं, आणि पुन्हा भिजले की ते जातं. लोकर म्हणजे मेंढीचे केसच. केराटिनच्या लांब साखळ्यांमधले काही कच्चे बंध पाण्यात सुटतात आणि वाळताना ज्या आकारात धराल त्या आकारात पुन्हा जुळतात. त्यामुळे आवळलेला आणि सैल टाका शेजारीशेजारी असले तरी धुतल्यावर धागा सरकून दोघे समजुतीने बसतात.

पण लोकर खरी आहे की अॅक्रिलिक, हे आधी ठरवा. बोटभर धागा चिमट्यात धरून, सिंकवर, काडी लावून पाहा. केस जळल्याचा वास आला, ज्योत आपणहून विझली आणि राख बोटांनी चुरडली गेली तर लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. अॅक्रिलिक धुऊन पसरलं तरी चालतं, पण आकार पक्का बसत नाही, आणि त्यावर गरम इस्त्री तर कधीच टेकवू नका. प्लास्टिकच ते, एकदा चपटं झालं की फुगत नाही.

खऱ्या लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि मफलर आटून घोंगडीसारखा होतो. म्हणून पाणी साधं, थोडा रिठा किंवा सौम्य साबण, वीस मिनिटं नुसतं भिजवणं. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, मग सावलीत जुन्या चादरीवर सपाट पसरायचं, फूटपट्टी लावून रुंदी सारखी करायची, कडांना टाचण्या. दोरीवर टांगलात तर पाण्याच्या वजनाने लांबी वाढते आणि रुंदी जाते. वाळला असं वाटलं तरी आणखी एक दिवस राहू द्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात ठेवते आणि हाताला कोरडी लागते.

माझा मफलर सुईवरून उतरला तेव्हा १४५ सेंटीमीटर होता, वाळल्यावर १४८ भरला. रंग कुठे बदलला ते अण्णांनी खिडकीपाशी नेऊन शोधलं, त्यांना सापडलं नाही. मला तो सत्तराव्या सेंटीमीटरपासून दिसतो, कारण मला जागा माहीत आहे. अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. पहाटे साडेपाचला दूध आणायला तेच जातात, मफलर घालून.